जस्ताचा मुलामा दिलेल्या ब्रेक डिस्क: पैसे कशाचे मोजायचे?

डिस्क बिडाची असते. पावसाळ्यात गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी तिचा घासपट्टा, म्हणजे पॅड घासतात तो भाग, तांबडा दिसतो. पहिल्या चार-पाच ब्रेकांत पॅड तो पुसून टाकतात, त्याची चिंता नको. खरा गंज धरतो तो पॅड पोचत नाहीत तिथे: मधल्या टोपीवर, बाहेरच्या कडेवर आणि हवा खेळायला सोडलेल्या फटींत. मुलामा घ्यायचा तो एवढ्याच जागांसाठी. घासपट्ट्यावरचा थर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये उडणारच, त्यावरून दुकानदाराशी भांडू नये.

चकचकीत पांढरा आणि सोनेरी पिवळा, हे दोन्ही विजेच्या टाकीतले झिंक. थर साधारण 8 ते 12 मायक्रॉनचा. टाकीत वीज कडांकडे जास्त ओढली जाते, त्यामुळे बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या डिस्कच्या फटींत जस्त जेमतेम पोचतं. पैसे देण्याआधी मोबाइलचा टॉर्च फटीत मारून बघा. आत काळपट बीड दिसलं तर तुम्ही दिसण्याचे पैसे देताय. पिवळ्याचं आणखी एक दुखणं आहे. त्याच्यावरचा जुन्या पद्धतीचा क्रोमेट थर (जस्तावर चढवलेला पातळ रासायनिक लेप) साधारण 70 अंशांच्या पुढे सुकून तडकतो, आणि शहरातल्या रहदारीतही टोपी त्याहून सहज तापते. म्हणून काही महिन्यांत सोनेरी रंग फिका पडतो. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना डिस्क फारच तापली, तर जस्ताचा 419 अंशांचा वितळणबिंदूही लांब राहत नाही.

आमची पसंती जिओमेटला. जस्त आणि अॅल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांचा हा थर पाण्यात कालवून चढवतात आणि 300 अंशांच्या आसपास भाजतात. रंग मळकट रुपेरी. फोटोत काही खास दिसत नाही. पण थर चांगला चढवला असेल तर फटींच्या आतपर्यंत पोचतो आणि उष्णता सोसतो. रत्नागिरी, मालवण, पणजीच्या खाऱ्या हवेत जादा पैसे इथेच वसूल होतात. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या मंडळींनीही हाच घ्यावा. पुण्या-नाशकात रोज गाडी चालवत असाल तर साधी डिस्क पुरते.

गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून जुनी डिस्क चमकवून घेणं मात्र टाळा. आम्लाच्या टाकीत बिडातलं लोखंड विरघळतं आणि वर ग्रॅफाइटची काजळी उरते. ती नीट निघाली नाही तर मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. घासपट्ट्यावर क्रोम चढवणं तर सरळ धोक्याचं आहे, त्यावर पॅड धरत नाहीत. पावडर कोटिंग टोपीच्या बाहेरून चालेल, पण हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक जिथे टेकतं तिथे नको. तो जाड थर दाबाने चेपतो आणि नट सैल पडतात.

बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे 0.03 मिमीचा गंजाचा कण राहिला तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला डोल, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, त्याच्या जवळपास दुप्पट होतो. डायल गेजवर (डोल मोजायच्या काट्याच्या मापावर) तो 0.05 मिमीच्या आत आला पाहिजे. जास्त असेल तर डिस्क एक-एक भोक फिरवून पुन्हा मोजा. हे न करता बसवलेली डिस्क सुरुवातीला गुळगुळीत चालते. पाच-सहा हजार किलोमीटरनंतर जाडी कमी-जास्त होते, पेडल थरथरतं, आणि बिल फाडलं जातं मुलाम्याच्या नावाने. नट टॉर्क पान्यानेच, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर.

पॅड नवेच घाला. जुन्या पॅडला चर पडलेले असतात, त्यामुळे मुलामा पट्ट्यापट्ट्यांनी उडतो. मग मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट डिस्क थंड होऊ द्या आणि गाडी पूर्ण थांबवू नका. जस्त निघेपर्यंत ब्रेक किंचित घसरल्यासारखे वाटतील, तेवढे दिवस पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

आणि वॉशिंग सेंटरवर चाकांना आम्लवालं क्लीनर मारू देऊ नका. जस्त आम्लात विरघळतं. दोन-चार धुण्यांत टोपीवर पांढरट डाग दिसू लागतात.