हाताचा जुनाट इसब: स्टेरॉइड मलम की डेल्गोसिटिनिब क्रीम?

कोल्हापुरात उद्यमनगरातील कारखान्यात तेला-शीतकात हात माखणाऱ्या कामगाराला किंवा दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईला हाताचा इसब झाला, तर प्रथम स्टेरॉइडचे मलम दिले जाते. ते स्वस्त असते आणि खाज लवकर शमवते. मात्र महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, आणि आधीच भेगाळलेल्या हातांना ते परवडणारे नाही.

डेल्गोसिटिनिब ही स्टेरॉइडविरहित क्रीम जॅनस कायनेज नावाच्या विकरांना (एन्झाइमना) रोखून दाहाचे संदेश थोपवते. स्टेरॉइडने पुरेसा गुण न आलेल्या किंवा ते ज्यांना योग्य नव्हते, अशा प्रौढांवर तिच्या दोन चाचण्या झाल्या. काहींना औषधी क्रीम, तर काहींना औषध नसलेली तशीच क्रीम दिवसातून दोनदा लावायला दिली. १६ आठवड्यांनंतर ज्यांचे हात पूर्ण किंवा जवळजवळ स्वच्छ झाले, त्यांचे प्रमाण पहिल्या चाचणीत सुमारे २० विरुद्ध १० टक्के आणि दुसरीत २९ विरुद्ध ७ टक्के होते. (नुसत्या क्रीमनेही काहींना गुण आला, हे विसरू नये.) युरोपात तिला २०२४ मध्ये, तर अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

या चाचण्यांत तुलना स्टेरॉइडशी नव्हती, त्यामुळे नवी क्रीम सरस आहे असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. माझ्या मते सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडनेच करावी. इसब वारंवार उलटत असेल, तेव्हा नव्या क्रीमचा विचार रास्त ठरतो.