कार्यशाळेतल्या कागदी पिशव्या : एका केमिस्टचा अनुभव

माझं मेडिकलचं दुकान आहे. 2018 ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून औषधांच्या पिशव्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या एका कार्यशाळेतून घेतो. 'मुलं' म्हणायची पद्धत, एरवी सगळी 18 ओलांडलेली.

आधी माल. खाकी कागद जाड, तळाची घडी चोख. सिरपच्या दोन बाटल्या टाकल्या तरी तळ सुटत नाही. पावसाळ्यात मात्र खळ ओल धरते. एकदा अख्खा गठ्ठा चिकटून आला, तो बदलून मिळाला. दुकानाचा शिक्का कधीकधी तिरका बसतो, पण गिऱ्हाईक औषध बघतं, शिक्का नाही. भाव बाजारापेक्षा थोडा चढा. घाईची ऑर्डर घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

काम बघण्यासारखं आहे. एकजण फक्त कागद लाकडी साच्यात बसवतो, दुसरा घडी घालतो, तिसरा खळ लावतो. साच्याची खाच अशी, की कागद उलटा बसतच नाही. मोजता येत नाही त्यांच्यासाठी दहा चौकोन आखलेली पाटी. चौकोन भरले की गठ्ठा बांधायचा. तिथल्या ताई म्हणाल्या, ही युक्ती जुन्या वळणाची. एदुआर सेगँ या फ्रेंच शिक्षकानं 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये अशा मुलांना हातांतून, इंद्रियांतून शिकवायला घेतलं. दहा लाकडी आकार खाचांत बसवायचा, त्याच्या नावाचा फळा ताईंच्या कपाटात आजही आहे. माँटेसरीबाईंनीही त्याच्याकडून बरंच उचललं. आपल्याकडे अशा मुलांच्या शाळांपैकी मुंबईची जय वकील शाळा 1944 ची, पुण्याची कामायनी 1964 ची, नाशिकची रजनीताई लिमयांची प्रबोधिनी 1977 ची. शाळा निघते, मुलं मोठी होतात, आईबाप विचारतात 'आता पुढे काय?', आणि मग कार्यशाळेचा विचार सुरू होतो.

माझी तक्रार आपल्यावर, गिऱ्हाइकांवर आहे. दिवाळीच्या स्टॉलवर कौतुकानं चार पणत्या घ्यायच्या आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ढुंकून बघायचं नाही. म्हणून बऱ्याच कार्यशाळा पणत्या-मेणबत्त्यांतच अडकून पडतात. कागदी पिशव्या मात्र बारमाही लागतात. दवाखाना, लॅब, मिठाईचं दुकान असेल तर नमुना मागवा, आकार एकच ठेवा, महिनाभर आधी सांगा आणि पैसे माल हाती येताच द्या. मुलांचं मानधन त्यातूनच निघतं.

पाचापैकी चार तारे. एक खळीसाठी कापला.