लांबी-उंची मोजायचं किट: ठोकळे आणि पट्टी झकास, भिंतीवरचा तक्ता मात्र नीट तपासून लावा

दुसरी-तिसरीच्या मुलांना मोजमाप शिकवायला हे किट घेतलं, आता वर्गात भरपूर वापरून झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी शोधत होते तेव्हा सगळीकडे "रंग छान आहेत, मुलं खूश" एवढंच वाचायला मिळत होतं आणि त्यावरून शिकवायला कामाचं आहे की नाही ते काही कळत नाही.

आत काय येतं तर एकमेकांत अडकणारे १ सेंमीचे ठोकळे, ३० सेंमीच्या पट्ट्या, एक मीटरची काठी, स्टीलची टेप, ढकलत न्यायचं मोजचाक आणि भिंतीवर लावायचा उंचीचा तक्ता. शिवाय एक माहितीपुस्तिका.

पैसे वसूल होतात ते पट्टीवर, हे आधीच सांगते. तिच्या एका बाजूला नेहमीसारखे आकडे आहेत, पण शून्य अगदी कडेला नाही, थोडं आत आहे. दुसऱ्या बाजूला आकडाच नाही, नुसते १-१ सेंमीचे दोन रंगांचे पट्टे एकाआड एक. ही दुसरी बाजू म्हणजे सोनं आहे. मुलांची सगळ्यात मोठी अडचण अशी असते की त्यांना वाटतं लांबी म्हणजे वस्तूच्या टोकाशी दिसणारा आकडा. पेन्सिल ३ पासून ८ पर्यंत ठेवून विचारा, अर्धा वर्ग "आठ" म्हणतो. आणि जी मोजतात ती बरेचदा रेघा मोजतात, मधली जागा नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकेका रेघेवर बोट ठेवत तीन, चार, पाच, सहा, सात, आठ असं केलं आणि ठामपणे सांगितलं, "सहा सेंमी, मॅडम." मी काहीच बोलले नाही, फक्त पट्टी उलटी करून दिली. तिने पट्टे मोजले, पाच आले. मग परत आकड्यांची बाजू, परत पट्टे, आणि मग एकदम "अहो मॅडम, पहिल्या रेघेवर अजून काही झालंच नाहीये ना!" शून्य का असतं हे यापेक्षा नीट मला पण सांगता आलं नसतं.

शून्य आत असल्याचाही फायदाच आहे. काही जणांना तो दोष वाटतो कारण मुलं पट्टीची कड लावून मोजतात आणि उत्तर चुकतं, पण बाजारात दोन्ही प्रकारच्या पट्ट्या असतात, तेव्हा मोजायच्या आधी "शून्य कुठंय" हे बघायची सवय इथेच लागलेली बरी.

ठोकळे मस्त आहेत, घट्ट बसतात, दहाची दांडी पट्टीला लावली की बरोबर १० सेंमीला भिडते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ठोकळे आपोआप अडकतात म्हणून मध्ये फट राहत नाही आणि एकावर एक चढतही नाहीत, त्यामुळे फट ठेवली तर काय बिघडतं हा प्रश्नच मुलांपुढे येत नाही. म्हणून मी आधी ते न जोडता सुटे मांडायला देते, कुणाचे तेच पुस्तक १९ ठोकळे भरतं, कुणाचं २२, मग भांडण होतं, आणि त्या भांडणातूनच ठोकळे चिकटून मांडायचे हा नियम मुलं स्वतः काढतात.

पुस्तिका पहिल्याच पानावर पट्टी हातात देते, हे मला अजिबात पटलं नाही. आधी दोन वस्तू शेजारी ठेवून कुठली लांब ते बघणं, मग दोरीने, मग वितीने आणि पावलांनी मोजणं झालं पाहिजे. माझ्या वितीने बाक जितका भरतो त्यापेक्षा जास्त विती मुलांच्या होतात, तेव्हा कुठे सगळ्यांचं माप एकच का हवं ते त्यांना पटतं. अजून एक, पुस्तिकेत लिहिलंय की मीटर म्हणजे फ्रान्समध्ये ठेवलेल्या धातूच्या दांडीची लांबी. हे १८८९ ते १९६० पर्यंत खरं होतं. १९८३ पासून मीटर म्हणजे निर्वात जागेत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तेवढं. लहान मुलांना हा आकडा द्यायची गरज नाही पण जुनी माहिती कशाला छापायची?

स्टीलच्या टेपचं टोकाचं हूक हलतं म्हणून बऱ्याच जणांनी तक्रार केलेली वाचली. ते मुद्दाम तसं असतं! हूक स्वतःच्या जाडीएवढंच सरकतं, म्हणजे कडेला अडकवून ओढलं काय किंवा आतून भिंतीला टेकवलं काय, माप बरोबर येतं. टेप झटकन परत आत जाते आणि कडा धारदार आहेत, एवढ्यासाठी ती मुलांच्या हातात एकटी देत नाही.

मोजचाकाचा घेर १ मीटर, प्रत्येक फेरीला खट्ट वाजतं. मुलांचं सगळ्यात लाडकं हेच. गुळगुळीत फरशीवर ते फिरायच्या ऐवजी घसरतं आणि मग मीटर कमी भरतात, बाहेर मैदानात छान चालतं. चालवायच्या आधी अंदाज लिहून घ्या, शेवटचा उरलेला तुकडा काठीने मोजा.

आता तक्ता. इथे खरंच काळजी घ्या. तो ६० सेंमीपासून सुरू होतो, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून बरोबर ६० सेंमीवर यायला हवी आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. चिकटवल्यावर मीटरची काठी उभी धरून १०० ची रेघ जुळते का बघा. कागद पातळ आहे, कोपरे वळतात. भिंतीला खाली पट्टी असेल तर टाच भिंतीला टेकत नाही, तिथे लावूच नका. उंची घेताना बूट काढून, टाचा मागे, नजर समोर, आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात. डोक्यावर पट्टी तिरकी धरली की माप लगेच बदलतं. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची साधारण १ सेंमीने कमी भरू शकते, म्हणून दर वेळी एकाच वेळेला मोजा, नाहीतर "मी छोटा झालो" म्हणून पोरं रडकुंडीला येतात.

तक्त्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहायला जागा दिलीये, ती मी वापरत नाही. बुटक्या मुलाला रोज भिंतीवर आपलं नाव सगळ्यात खाली दिसणं मला सहन होत नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या उंचीएवढी रिबन कापून ज्याची त्याला देते, काही महिन्यांनी तीच परत अंगाला लावायची आणि वाढलेला तुकडा पट्टीने मोजायचा.

एकंदर पाचपैकी चार. वर्गासाठी डोळे झाकून घ्या, घरी एकाच मुलासाठी हवं असेल तर चाक आणि तक्ता नसलेला छोटा संच पुरे आहे. ठोकळे मात्र जास्तीचे मागवा, चार जणांच्या गटात आलेले लगेच संपतात.