दुसऱ्या पिढीचा रॅक पहिल्या पिढीच्या गाडीला: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

स्टेअरिंग रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दात्यांचा दांडा, बदलून उन्हाळा गेला, अख्खा पावसाळाही गेला, म्हणून आता लिहितोय. गाडी बेळगावच्या केए 22 पासिंगची, पहिल्या पिढीची हॅचबॅक. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही. ते वाचून कुणीतरी न मोजताच भंगारातून रॅक उचलेल, आणि एकाच पिढीतही अधेमधे पार्ट बदललेले असतात.

जांबोटी-कणकुंबी मार्गे चोर्ला घाटाकडे माझं नेहमीचं जाणं. खड्ड्यांनी रॅकचा बुश (दांड्याला आधार देणारी रिंग) खाल्ला आणि खटखट सुरू झाली. मेकॅनिकने आधी रॅक गाइडचा, म्हणजे दांडा पिनियनच्या छोट्या गिअरवर दाबून धरणाऱ्या भागाचा, नट आवळून पाहिला. खटखट थांबली, पण वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येईना. रॅकचे दाते मध्यावर जास्त झिजतात, त्यामुळे मधला ढिलेपणा काढायला नट आवळला की टोकांकडे रॅक जाम होतो. हा उपाय कुणी सुचवला तर साफ नको म्हणा.

नव्या असेंब्लीचा भाव परवडण्यासारखा नव्हता. कोल्हापूरहून दुसऱ्या पिढीचा वापरलेला रॅक आणला, जवळपास तिसऱ्या हिश्शात. दोन्ही पिढ्यांत पॉवर स्टेअरिंगची मोटर कॉलमवर (स्टेअरिंगपासून खाली रॅककडे जाणाऱ्या दांड्यावर) आहे, रॅकला तेल-पाइपची भानगडच नाही, म्हणून हे धाडस केलं. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याच्या टेबलावर दोन्ही रॅक शेजारी ठेवून मोजले: माउंटिंगच्या भोकांतलं अंतर, पिनियनचे स्प्लाइन (कॉलमशी जोडणाऱ्या खाचा), रॅक एंडचे (रॅकच्या टोकाच्या जोडाचे) आटे, आतल्या दोन बॉल जॉइंटमधलं अंतर. शेवटचं माप चुकलं तर खड्ड्यात चाक वरखाली होताना गाडी डावी-उजवीकडे ओढते, आणि अलाइनमेंट करूनही ते जात नाही. आमचं जुळलं. रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडची बाहेरची टोकं (टाय रॉड एंड) मात्र जुन्याच पिढीची ठेवली, चाकाच्या नकलमधल्या भोकाचा निमुळतेपणा (टेपर) वेगळा होता. रॅक काढण्याआधी स्टेअरिंग सरळ करून बांधून ठेवा. मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टेअरिंगमधली गुंडाळलेली वायर) तुटते.

सुरुवातीला मी भलताच खूश होतो. लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, 3.6 ऐवजी 3.2 फेरे. तवंदी घाटात हात कमी फिरवावे लागतात, गाडी चटकन वळते. पार्किंगला थोडं जड, तेवढं चालतं.

जूनअखेर मत बदललं, आणि कारण होतं बूट. रॅकच्या टोकाचं ते घडीचं रबर.

अलाइनमेंटवाल्याने टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) लावताना बुटाची बाहेरची क्लिप सैल न करताच टाय रॉड फिरवला. रॉडबरोबर बूट पिळला गेला आणि घडीत चिरला. वरून काहीच दिसत नाही. कणकुंबीच्या पावसात लाल चिखल आत गेला, ग्रीसचं पिठलं झालं आणि रॅकच्या दांड्यावर गंज दिसू लागला. मेकॅनिक म्हणाला, "जुना बूट टाकून तार आवळतो की, काय होत न्हाई बघा." मी थांबवलं. नव्या रॅकच्या हाउसिंगचा व्यास मोठा, जुन्या बुटाची कड त्यावर बसतच नाही. तार आवळली तरी पाणी आत जाणारच.

त्यात दुकानदार एकटा बूट द्यायला तयार नाही, म्हणे पूर्ण किट घ्या. एका रबरासाठी तिप्पट पैसे का मोजायचे? वाद घालून दोन्ही बाजूंचे बूट सुटे मिळवले, दुसऱ्या पिढीचेच, स्टीलच्या क्लॅम्पसकट. दांडा पुसला, नवं ग्रीस भरलं, मग बूट चढवले. पुढच्या अलाइनमेंटला मी स्वतः गॅरेजच्या खड्ड्याशेजारी उभा राहून क्लिप सैल करायला लावली, आणि शेवटी घड्या सरळ आहेत का ते बॅटरी लावून पाहिलं. खटखट परत आलेली नाही, स्टेअरिंगही सरळ परत येतं. दांड्यावर गंजाचे डाग राहिलेत, तिकडे लक्ष ठेवून आहे.

एक काम बाकी आहे. नव्या रॅकची चाल किंचित जास्त असल्याने पूर्ण डावा लॉक मारला की टायर चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिक लायनरला घासतो. रॅक एंडला चाल अडवणारा वॉशर टाकायचा विचार आहे, त्याची जाडी उद्यमबागेत मोजूनच ठरवणार. तोवर यू-टर्न घेताना शेवटचा टप्पा सोडून देतो.