तांब्याच्या जाळीचा फॅरेडे केज: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

उन्हाळ्यात लॅबसाठी टेबलावर ठेवायचा फॅरेडे केज, म्हणजे बाहेरचं इलेक्ट्रिक फील्ड आत येऊ न देणारा धातूचा पिंजरा, भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला, चारी बाजूंनी तांब्याची जाळी, पुढे दार. तेव्हापासून रोज वापरात आहे. जरूर घ्या, पण दार आणि अर्थिंग नीट करून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात.

आमचं काम इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचं, करंट पिकोअँपियरमध्ये, म्हणजे एका अँपियरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले थोडेसे. केज नव्हता तेव्हा ग्राफवर सिग्नल दिसायचाच नाही, नुसती 50 हर्ट्झची नागमोडी, दर 20 मिलिसेकंदांनी एक लाट, आणि सेलजवळ (सेन्सर ज्यात मोजतो ते भांडं) हात नेला की ती लाट अजून फुगायची. भिंतीतल्या वायरिंगचं इलेक्ट्रिक फील्ड हवेतून थेट सेलमध्ये शिरत होतं.

केज आला, सेल आत ठेवला, दार लावलं आणि फरक जवळजवळ शून्य! मल्टिमीटरची एक पिन दाराला, एक बॉडीला लावली तर कंटिन्युइटीचा (दोन्हीत विजेचा जोड असल्याचा) बीप येईना. फॅब्रिकेटरने बिजागऱ्या आणि दाराची चौकट सगळीकडे मस्त पावडर कोटिंग करून दिलेलं, दिसायला झकास पण दार बॉडीला इलेक्ट्रिकली जोडलेलंच नाही. पॉलिश पेपरने कडा घासून धातू उघडा केला, तापकीर गल्लीतून तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी (braid) आणून दार आणि बॉडी जोडली, मग अॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी कनेक्शन दिलं, आणि लाट बसली. ती सपाट बेसलाइन बघून जो आनंद झाला तो खरंच सांगता येत नाही.

जाळीला भोकं असून चालतं कसं असं बरेच जण विचारतात. भोक तरंगलांबीपेक्षा खूप लहान असलं की लाट आत येत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत ना, त्याही तारांच्या जाळीच्याच आहेत, 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लाटेला ती जाळी पत्र्यासारखीच वाटते.

पण 50 हर्ट्झच्या मॅग्नेटिक फील्डला ही जाळी अडवत नाही हे लक्षात ठेवा. त्या फ्रिक्वेन्सीला तांब्याची स्किन डेप्थ (फील्ड धातूत जेवढं खोल शिरतं ते अंतर) साधारण 9 मिलिमीटर, जाळीची तार त्यापुढे काहीच नाही. आमच्याकडे शेजारच्या रॅकवरचा यूपीएस पलीकडच्या भिंतीला नेला आणि सेलच्या वायरी एकमेकींना पिळून घेतल्या, तेव्हा उरलेली गुणगुण गेली. म्यू-मेटल (मॅग्नेटिक फील्ड अडवणारा खास मिश्रधातू) हा उपाय आहे पण महाग पडतो, आधी अंतर वाढवून बघा.

दुसरं म्हणजे आत जाणारी प्रत्येक वायर अँटेना असते. उजेडासाठी आत एलईडी पट्टी लावली होती, तिच्या अॅडॉप्टरचा स्विचिंगचा कचरा वायरीवरून सरळ आत यायचा, आता ती बॅटरीवर चालते. पंप बाहेर ठेवलाय, फक्त नळी आत जाते.

ग्राउंड लूप (उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडल्याने होणारा फेरा, त्यातूनही गुणगुण येते) तोडायला काहीजण प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात, ते प्लीज करू नका, बॉडीत करंट उतरला तर जीवावर बेतेल. त्यापेक्षा सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या.

पावसाळ्यात जाळी काळवंडली. त्याने शील्डिंगला फरक पडत नाही, पितांबरी लावून चकचकीत करायची गरज नाही, पण स्क्रूचे जोड आणि दाराच्या कडा मात्र परत घासाव्या लागल्या, त्याआधी बेसलाइन हळूहळू खराब व्हायला लागलेली. आता दर महिन्याला मल्टिमीटर लावून बघतो.

ऑर्डर देताना फॅब्रिकेटरला लेखी द्या: जिथे धातूला धातू टेकतो तिथे रंग नाही, कोटिंग नाही, आणि डिलिव्हरी घेताना बीप ऐकल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका.