कलघटगीच्या पाळण्यासमोर ३५ मिमी मॅक्रो लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

धारवाड-हुबळी भागातल्या घरांत होणारं तोट्टिलु शास्त्र, म्हणजे बाळाला पाळण्यात घालणं आणि नामकरण, टिपण्यासाठी फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी; एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं; स्टॅबिलायझर असलेली, वजन ३०५ ग्रॅम, फिल्टर ५२ मिमी) काही महिने वापरली. अशा समारंभासाठी ही लेन्स जरूर घ्यावी. मात्र तिच्या स्टॅबिलायझरवर आणि कॅमेऱ्याच्या चेहरा ओळखणाऱ्या फोकसवर विसंबू नये.

समारंभ घरातल्याच खोलीत असतो आणि पाळण्याभोवती बायकांचा गराडा. ५० मिमीला मागे सरकायला जागा उरत नाही, २४ मिमीत कडेचे चेहरे ताणले जातात. ३५ मिमी बरोबर मधली. (फुल फ्रेमपेक्षा लहान, एपीएस-सी सेन्सर असेल तर २३ मिमी घ्यावी.) बाळाचा फोटो मीटरभर अंतरावरून घ्यावा, अर्ध्या मीटरवरून पुढे आलेली मूठ डोक्याएवढी दिसते.

खरी अडचण झोक्याची. स्टॅबिलायझर आपल्या हाताचा कंप सावरतो, हलणारा पाळणा त्याला थांबवता येत नाही. दीड मीटर दोरीवर टांगलेल्या पाळण्याला एक पूर्ण झोका घ्यायला अडीच सेकंद लागतात. मधोमध त्याचा वेग सर्वाधिक, दोन्ही टोकांना क्षणभर शून्य. टोकाला पोचता पोचता बटण दाबलं तर १/१०० सेकंदातही पापण्या स्पष्ट येतात; मधोमध १/५०० सुद्धा अपुरा पडतो. १/१०० चा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. बाळ झोपलंय म्हणून मूक इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की हे पट्टे जास्तच. मेकॅनिकल शटरचा हलका आवाज परवडतो.

धारवाड जिल्ह्यातल्या कलघटगी गावचे पाळणे सागवानी, लाखेच्या चकचकीत रंगांचे, वर देवादिकांची चित्रं. झोपलेल्या बाळाचे डोळे मिटलेले असल्याने फोकस सरळ चित्रातल्या चेहऱ्यावर जाऊन बसतो. एकच फोकस बिंदू निवडून तो टोपडं आणि कपाळ यांच्या कडेवर ठेवावा. लाखेवरची चमक पोलरायझर या चमक कापणाऱ्या फिल्टरने छान उतरते. पृष्ठभागाकडे तिरपं पाहत फिल्टर फिरवावा. पितळी साखळ्यांवर तो चालत नाही, कारण धातूवरची चमक त्याने कापली जात नाही. शिवाय दीड स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे साधारण एक तृतीयांशच उरतो. म्हणून रिकाम्या पाळण्याचे फोटो विधीआधी ट्रायपॉडवर घ्यावेत आणि फिल्टर काढून ठेवावा.

नाव सांगण्याचा क्षण पुन्हा मागता येत नाही. बऱ्याच घरांत सोदरत्ते, म्हणजे आपली आत्या, बाळाच्या उजव्या कानात नाव सांगते. पाळण्यात डोकं कुठल्या दिशेला राहणार हे आधीच विचारून घ्यावं. उलट्या बाजूला उभं राहिलं तर फक्त आत्याचा अंबाडा मिळतो. मीटरभर अंतरावर एफ/१.८ ला जेमतेम नऊ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, त्यात दोन चेहरे मावत नाहीत. एफ/४ ठेवावं, वीस सेंटिमीटर मिळतात. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० पर्यंत गेला तरी चालेल. कण दिसलेले बरे, आत्या धूसर नको. फ्लॅश बाळाच्या तोंडावर मारूच नये.

ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात, तिथे मॅक्रोचा मोह होतो. पण फार जवळ गेलं की लेन्सचीच सावली ताटात पडते, आणि सबंध नाव चौकटीत यायला तेवढं जवळ जावंही लागत नाही. चाळीस सेंटिमीटर पुरेत. उजेड खिडकीकडून आडवा असेल तर अक्षरांच्या चऱ्या उठून दिसतात. पांढऱ्या तांदळामुळे कॅमेरा फोटो काळवंडवतो, त्यामुळे एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ ठेवावं. लाल रेशमी साड्यांचं उलट: लाल रंग आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात, तिथे −०.३ ते −०.७.

व्हिडिओत ही लेन्स कमी पडते. फोकस बदलताना मोटरची घरघर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येते आणि जोगुळ, म्हणजे अंगाईगीत, गाणाऱ्या आजींचा आवाज हलका असतो. गाणं सुरू होण्याआधी फोकस मॅन्युअलवर लॉक करावा आणि वेगळा रेकॉर्डर आजींच्या बाजूला, पाळण्याच्या करकरणाऱ्या कड्यांपासून दूर ठेवावा.