बॅटल फॉर वेस्नोथ : जुन्या लॅपटॉपवरचा फुकट गेम आणि नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

इचलकरंजीत आमचं जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. घेणारी पोरं बहुतेक पॉलिटेक्निकची, नाहीतर मागावर कामाला असलेली. मशीन सहा-सात वर्षं जुनं, रॅम 4 जीबी, ग्राफिक्स कार्डाचा पत्ता नाही. पैसे मोजून झाले की हमखास विचारतात, "काका, ह्यावर कुठला गेम चालंल?" बंदुकीचे नवे गेम चालत नाहीत हे त्यांनाही माहीत असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे : 'बॅटल फॉर वेस्नोथ'. आणि मग आठवडाभरानं तीच पोरं चार्जरच्या निमित्तानं परत येऊन जे प्रश्न विचारतात, त्यावरूनच हा गेम कसा आहे ते चांगलं कळतं. म्हणून परीक्षण त्याच वाटेनं करतो.

आधी थोडी ओळख. डेव्हिड व्हाइट या प्रोग्रामरनं 2003 साली हा गेम सुरू केला, 1.0 आवृत्ती 2005 मध्ये आली आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक मिळून तो वाढवत आले आहेत. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतो, 2018 पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातही आहे, तिथंही फुकटच. जाहिराती नाहीत, 'शंभर रुपयांत हिरे घ्या' नाही, एकदा उतरवून घेतला की एकट्यानं खेळायला इंटरनेटही लागत नाही. कुणी तुम्हाला याची सीडी विकत असेल तर हात जोडून नमस्कार करा.

गेम फौजांच्या लढाईचा आहे आणि टर्नवर चालतो. नकाशा षटकोनी घरांचा. तुम्ही तुमची सगळी माणसं हलवायची, मग समोरचा त्याची हलवणार. घाई करायला कुणी मागं लागत नाही. आमच्याकडं येणारा एक गडी रात्रपाळीवरून आला की सकाळी दोन-तीन टर्न खेळतो आणि झोपतो. मध्येच आईनं हाक मारली, लाइट गेली, काही बिघडत नाही, प्रत्येक टर्नला आपोआप सेव्ह होतं.

आता प्रश्न. पहिला तर तक्रारच असते : "काका, ह्यो गेम चीटिंग करतोय. माझे वार लागतच नाहीत."

चीटिंग करत नाही. इथं वार लागणार की नाही ते समोरचा कुठल्या जमिनीवर उभा आहे त्यावर ठरतं. भालेवाला, म्हणजे स्पीअरमन, गवतावर असेल तर त्याचा बचाव 40 टक्के, म्हणजे त्याला वार लागायची शक्यता 60. तोच गावात किंवा किल्ल्याच्या घरात उभा राहिला की बचाव 60 टक्के. उथळ पाण्यात उतरला तर फक्त 20. नवखा माणूस नदीत उभा राहून गावातल्या शत्रूवर वार करतो आणि नशिबाला शिव्या देतो. त्यात भर म्हणजे 60 टक्के शक्यता असली तरी तीनचे तीन वार हुकणं सोळातून एकदा होतंच, साधं गणित आहे. दिवसाला असे पन्नास हल्ले होतात, मग तसं दोन-तीनदा दिसणारच. आपल्याला फक्त तेवढेच लक्षात राहतात.

दुसरी गोष्ट याहून मोठी, आणि वेस्नोथची खरी गंमत तिथंच आहे : वेळ. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर असे सहा टर्न मिळून एक दिवस. माणसांच्या फौजा बहुतेक 'लॉफुल', उजेडात त्यांचा वार 25 टक्क्यांनी वाढतो आणि अंधारात तेवढाच घटतो. ऑर्क (राक्षसांसारखी जमात), भुतंखेतं वगैरे मंडळी 'केऑटिक', त्यांचं बरोबर उलटं. ऑर्क म्हणजे कायमचे रात्रपाळीचे कामगार. पहाटे आणि संध्याकाळी दोघंही सारखे. एल्फ मात्र 'न्यूट्रल', त्यांना दिवस-रात्र काहीच नाही, त्यांचं सगळं सुख जंगलात.

हे कागदावर मांडून दाखवलं की पोरं गप्प होतात. स्पीअरमनचे प्रत्येकी 7 नुकसानाचे तीन वार, ऑर्किश ग्रंटचे, म्हणजे ऑर्कांच्या साध्या शिपायाचे, 9 चे दोन वार. समजा रात्र आहे, ग्रंट गावात बसलाय आणि तुमचा भालेवाला बाहेर गवतावरून हल्ला करतोय. तुमचा वार 7 वरून 5 वर येतो, लागायची शक्यता 40 टक्के, म्हणजे सरासरी 6 नुकसान. त्याचा वार 9 चा 11 होतो, शक्यता 60 टक्के, सरासरी 13 च्या वर. तुम्ही हल्ला करताय आणि मार तुम्हीच खाताय. आता तेच गाव तुमच्या ताब्यात, सकाळ झालीय आणि ग्रंट बाहेर गवतावर. तुमचा वार 9 चा, तीनदा, 60 टक्क्यांनी, सरासरी 16. त्याचा वार 7 चा, दोनदा, 40 टक्क्यांनी, साडेपाचच्या आसपास. माणसं तीच, पैसे तेच. फरक फक्त कोण कुठं उभा आहे आणि घड्याळात किती वाजलेत याचा. म्हणून रात्री मागं सरायचं, गावं-किल्ले धरून बसायचं आणि उजाडलं की तुटून पडायचं. 'मागं सरलो म्हणजे हरलो' हे डोक्यातून काढायला मात्र कॉलेजच्या पोरांना वेळ लागतो.

हे आकडे डोक्यात करायची गरज नाही. हल्ल्याच्या खिडकीत डॅमेज कॅल्क्युलेशनचं बटण आहे, ते दाबलं की कोण किती टक्के जगणार याचा पूर्ण हिशेब समोर येतो. निम्म्या लोकांना हे बटण दिसतच नाही. कंट्रोल आणि व्ही दाबलं की पुढच्या टर्नला शत्रू कुठवर येऊ शकतो ते दिसतं. आणि एखादं युनिट चुकून हलवलं तर यू दाबून परत घेता येतं, फक्त त्या चालीनं काही नवं उघड झालेलं नसावं.

तिसरा प्रश्न पैशाचा. सोनं साठवून ठेवायचं की माणसं घ्यायची? सुरुवातीलाच घ्या. माणसं फक्त सरदार त्याच्या कीपवर, म्हणजे किल्ल्यातल्या मुख्य घरात, उभा असतानाच घेता येतात, म्हणून त्याला उगाच पुढं पळवू नका, आणि तो मेला की तिथंच खेळ खलास. घेतलेली माणसं मात्र एकेक करून पुढं सोडू नका. पाच जण पाच टर्नमध्ये पाच ठिकाणी मेले, हे दृश्य मी दुकानातल्या काउंटरवर कैक वेळा पाहिलंय. पहिल्या काही टर्नमध्ये गावं पकडा. गावातून पैसा येतो, माणसांना लेव्हलप्रमाणे जो पगार द्यावा लागतो त्यातला एका लेव्हलचा गाव उचलतं आणि तिथं थांबलेल्या जखमीचे दर टर्नला जिवाचे 8 पॉइंट भरून निघतात.

चौथा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो विचारणारा पोरगा खेळात शिरलेला असतो : "शेवटचा वार कुणाला मारू द्यायचा?" लेव्हल एकच्या शत्रूशी नुसतं लढलं तर 1 अनुभव मिळतो, त्याला मारलं तर 8. म्हणून दणकट माणसांनी शत्रूला अर्धमेला करायचा आणि शेवटचा घाव ज्याला मोठं करायचंय त्यानं घालायचा. माझं मत विचाराल तर तो मेज, म्हणजे जादूगार. अंगानं किरकोळ, एका रात्रीत गार होतो, पण त्याची जादू जमीन कुठलीही असो 70 टक्के लागतेच, आणि लेव्हल वाढली की त्याला व्हाइट मेज करून फौजेचा डॉक्टर करता येतो. शिवाय लेव्हल वाढली की कुणीही तिथल्या तिथं पूर्ण बरा होतो, हे लढाईच्या ऐन मध्यात फार कामाला येतं. अशी वाढवलेली माणसं पुढच्या लढाईत 20 सोनं देऊन परत बोलावता येतात.

एक बारकी युक्ती सांगतो, ती गेममध्ये कुणी धड समजावत नाही. शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल टाकलं की चाल तिथंच थांबते. म्हणजे रांग धरायला माणसं खांद्याला खांदा लावून उभी करायची गरज नाही. दोघांमध्ये दोन घरांची फट ठेवली तरी शत्रू एका दमात पार होत नाही. चार माणसांत अख्खी खिंड अडवता येते. लेव्हल शून्यची माणसं मात्र यात धरू नका, त्यांना बघून कुणी थांबत नाही.

आता जे आवडत नाही ते. कॉम्प्युटर लढतो आवेशानं, पण डोकं कमी. एकट्यादुकट्यानं येऊन तुमच्या रांगेवर आपटतो, सहा महिने खेळलेल्याला त्याचा कंटाळा येतो. मोहिमांची, म्हणजे एकामागून एक लढायांच्या गोष्टींची, रचनाही नवख्याला गाळात घालते : एका लढाईत सोनं आणि अनुभवी माणसं गमावली की तिचा फटका तीन लढायांनी बसतो, तोवर कारण विसरलेलं असतं. मधूनच एखादी लढाई अचानक फार अवघड येते. चित्रं जुन्या धाटणीची, ठिपक्याठिपक्यांची. मला ती गोड वाटतात, माझ्या पुतण्याला 'काका, हे काय' वाटतं. संगीत मात्र दोघांनाही पसंत.

सेव्ह उघडून तोच वार पुन्हा मारणारेही भेटतात. हवा तसा निकाल लागेपर्यंत मारत राहायचं. कुणी पोलीस येत नाही, पण असं जिंकलेल्याला पुढची लढाई झेपत नाही, कारण जागा आणि वेळ बघायची सवयच लागलेली नसते. त्यापेक्षा सरळ सोपी पातळी निवडा. त्यात लाज कसली.

सुरुवात ट्यूटोरियलनं करा, दोनच भाग आहेत, डेल्फाडोर नावाचा म्हातारा जादूगार हात धरून शिकवतो. मग 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' : चारच लढाया, मॉर्डाक नावाचा काळा जादूगार आणि दोन भावांची गोष्ट, शनिवार-रविवारात उरकते. त्यानंतर 'द साउथ गार्ड'. 'एअर टू द थ्रोन' ही नावाजलेली मोहीम पुष्कळ लांब आहे, पोरं नाव ऐकून तिथूनच सुरू करतात आणि अर्ध्यात सोडतात. ती तिसरी घ्या. आणि घरात भाऊ-बहीण असेल तर एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं दोघांना खेळता येतं, त्यासाठी मल्टिप्लेअरमध्ये जाऊन लोकल गेम निवडायचा.